घनतेचं गणित चुकतं कारण कोण कोणाला टेकलंय हे आपण बघत नाही

अणूंच्या रचनेवरून धातूची घनता काढायच्या गणितात तांब्याची घनता ३१ येते. दर सत्रात वहीत हे उत्तर मला दोन-तीन वेळा तरी सापडतं. खाली दुहेरी रेघ, शेजारी एककही बरोबर, अक्षर सुवाच्य. नैसर्गिक मूलद्रव्यांत सगळ्यात जड ऑस्मियम, त्याची घनता दर घनसेंटिमीटरला २२.६ ग्रॅम. म्हणजे या हिशोबाने घरातला तांब्या सोन्याच्या दीडपट जड झाला, आणि लिहिणाऱ्याला काही खटकलं नाही.

मी दादरला पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना मटेरियल सायन्स शिकवतो. केटी लागलेले (विषय राहिलेले) बहुतेक जण सूत्र विसरलेले नसतात, सूत्र त्यांना झोपेतही म्हणता येतं. त्यांचा क्रम उलटा असतो. पहिला आकडा कॅल्क्युलेटरवर पडतो आणि चित्र शेवटी, वेळ उरला तर. खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने करा. पहिल्या दोन वेळा तास जाईल, पुढे एका गणिताला पाच मिनिटं पुरतात.

१. तयारी: चौदा चेंडू आणि एक पट्टी

टेबल-टेनिसचे साधे, स्वस्तातले चौदा चेंडू आणा. सराव सामन्याचे नकोत, पण सगळे एकाच मापाचे हवेत. प्रमाणित चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर असतो आणि आपल्याला हे गोल माप फार सोयीचं आहे. सोबत मुलांच्या खेळण्यातली क्ले, स्टीलची पट्टी आणि कॅल्क्युलेटर. गरम गोंदाची बंदूक नको, चेंडू मऊ पडून चेपतो.

चेंडू म्हणजे आपले अणू. स्फटिकात ते रचले जाण्याच्या तीन पद्धती इथे लागतील: बीसीसी म्हणजे घनाच्या आठ कोपऱ्यांवर अणू आणि पोटात एक, एफसीसी म्हणजे कोपऱ्यांवर आणि सहाही मुखांच्या मध्यावर, एचसीपी म्हणजे षटकोनी दाट रचना. कागदावर तीन धातूंची माहिती उतरवून ठेवा:

तांबं: एफसीसी, त्रिज्या ०.१२८ नॅनोमीटर, अणुभार ६३.५५, मोजलेली घनता ८.९६.
लोखंड (नेहमीच्या तापमानाला): बीसीसी, त्रिज्या ०.१२४, अणुभार ५५.८५, घनता ७.८७.
जस्त: एचसीपी, तळाची बाजू ०.२६६५, उंची ०.४९४७, अणुभार ६५.३८, घनता ७.१४.

सावध: त्रिज्या मोबाइलवर शोधून पहिली दिसेल ती घेऊ नका. एकाच मूलद्रव्याच्या दोन-तीन प्रकारच्या त्रिज्या तक्त्यांत असतात. रेणूतल्या बंधावरून काढलेली वेगळी, धातूच्या स्फटिकातली वेगळी. प्रश्नात दिलेली किंवा तुमच्या पुस्तकातली धातूची त्रिज्याच घ्या. ०.१२८ ला ‘साधारण ०.१३’ म्हणणंही महागात पडतं. हा आकडा पुढे घनात जातो, त्यामुळे एवढ्याशा फरकाने तांब्याची घनता ८.९० वरून ८.४९ वर घसरते.

२. बीसीसी मांडा, आणि हमखास चूक मुद्दाम करून बघा

टेबलावर क्लेचे चार ठिपके देऊन चार चेंडू चौकोनात ठेवा. मधल्या खळग्यात पाचवा. त्याच्यावर, खालच्या चौघांच्या बरोबर डोक्यावर येतील असे आणखी चार, क्लेने अडकवून. झाले नऊ चेंडू.

आता पट्टी घ्या. खालचे चार चेंडू एकमेकांना चिकटवून ठेवले असतील (दहातले नऊ जण तसंच ठेवतात), तर मॉडेलची एकूण उंची सुमारे ९७ मिलिमीटर भरेल. खऱ्या बीसीसीत ती ८६ भरायला हवी. अकरा मिलिमीटरचा हा फरक डोळ्याला कळत नाही, पट्टीला कळतो.

बीसीसीत कोपऱ्यातले अणू एकमेकांना टेकत नाहीत, टेकतात ते फक्त मधल्याला. मधला अणू कोपऱ्यांना थोडं बाजूला ढकलून खाली बसतो. आपल्या चेंडूंच्या मापात कोपऱ्याच्या दोन चेंडूंमध्ये ६ मिलिमीटरची फट सोडावी लागते. फट सोडून पुन्हा रचा आणि उंची मोजा.

तपासा: तळाची बाजू केंद्रापासून केंद्रापर्यंत ४६ मिलिमीटर, एकूण उंची ८६. दोन्ही जुळलं तरच पुढे.

मग त्या ९७ मिलिमीटरच्या चुकलेल्या मॉडेलचं काय? ते चक्क एफसीसी असतं, फक्त तिरक्या कोनातून पाहिलेलं. तळ ४० चा, उंचीतलं केंद्रांचं अंतर ५६.६, गुणोत्तर बरोबर √२. मधोमध एक अणू दिसला म्हणून रचना बीसीसी ठरत नाही. हे मला स्वतःला नोकरीला लागल्यावर कळलं, तेही एका विद्यार्थ्याच्या चुकलेल्या मॉडेलवरून.

३. एफसीसी मांडा

एक चेंडू मध्ये, त्याला टेकून चार कोपऱ्यांना चार. कोपऱ्यातल्यांमध्ये साडेसोळा मिलिमीटरची फट राहील, राहू द्या. दुसऱ्या थरात चार चेंडू, प्रत्येक बाजूच्या फटीवर एकेक. तिसरा थर पहिल्यासारखाच पाचांचा. एकूण चौदा, उंची ९७.

दादर स्टेशनबाहेर हातगाडीवर मोसंब्यांचा चौकोनी तळाचा मनोरा दिसतो ना, प्रत्येक मोसंबं खालच्या चौघांच्या खळग्यात बसलेलं? तीच ही रचना. फळवाल्याने त्रिकोणी तळावर मनोरा रचला तर मात्र तिसऱ्या थराला दोन जागा उपलब्ध असतात. मोसंबं पहिल्या थरातल्या मोसंब्याच्या बरोबर डोक्यावर आलं तर एचसीपी, पहिल्या थराच्या रिकाम्या खळग्यावर आलं तर पुन्हा एफसीसी. दोन्हींत जागा सारखीच भरते, ७४ टक्के, आणि प्रत्येक अणूला शेजारी बाराच.

४. टेकण्याची दिशा शोधा, मगच बाजू काढा

सगळ्या गणिताची किल्ली इथे आहे. स्वतःला एकच प्रश्न विचारा: कोणत्या सरळ रेषेवर अणू सलग टेकलेत?

साध्या घनात (फक्त कोपऱ्यांवर अणू) बाजूवर. म्हणून बाजू = २ × त्रिज्या.
एफसीसीत मुखाच्या कर्णावर. त्या कर्णावर चार त्रिज्या बसतात: अर्धा कोपरा, पूर्ण मधला, अर्धा कोपरा. कर्ण √२ × बाजू, म्हणून बाजू = २.८२८ × त्रिज्या.
बीसीसीत घनाच्या आरपार जाणाऱ्या कर्णावर. त्यावरही चार त्रिज्याच, पण कर्ण √३ × बाजू. म्हणून बाजू = २.३०९ × त्रिज्या.

√२ आणि √३ ची अदलाबदल ही मी पाहिलेली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. पाठांतराने ती जात नाही. परीक्षेत चेंडू नेता येत नाहीत, पण कागदाच्या कोपऱ्यात तीन वर्तुळं एका रेषेत काढायला दहा सेकंद लागतात. ती काढा.

तपासा: चेंडूची त्रिज्या २० मिलिमीटर. २.३०९ ने गुणा, ४६ आलं. २.८२८ ने गुणा, ५६.६ आलं. मघाशी पट्टीने मोजलेलं तेच.

५. अणू मोजा, पण भिंत सामायिक आहे हे विसरू नका

चाळीत दोन खोल्यांमधली भिंत दोघांची असते. मुखावरचा अणू तसाच, अर्धा आपला आणि अर्धा शेजारच्या युनिट सेलचा (रचनेत पुन्हा पुन्हा येणारा एक ठोकळा म्हणजे युनिट सेल). कोपऱ्यावर मात्र याच मजल्यावरच्या चार आणि वरच्या मजल्यावरच्या चार अशा आठ खोल्या भेटतात, म्हणून कोपऱ्यातला अणू एक अष्टमांश. मधला अणू कोणाच्याच भिंतीत नाही, तो पूर्ण आपला.

बीसीसी: ८ × १/८ + १ = २.
एफसीसी: ८ × १/८ + ६ × १/२ = ४.

टेबलावर नऊ आणि चौदा चेंडू दिसतात आणि हिशोबात दोन आणि चार येतात, गोंधळ नेमका इथे होतो. सुरुवातीचं ३१ इथूनच आलं: चार अणूंऐवजी चौदा.

६. घनता काढा, घातांकांना हात न लावता

पुस्तकं नॅनोमीटरचे सेंटिमीटर करायला लावतात. मग वजा सातचा घात, त्याचा घन, अ‍ॅव्होगाड्रो अंकाचा (एका मोलमधले अणू) तेविसावा घात, आणि कुठेतरी एक शून्य निसटतं. त्यापेक्षा आकारमान घननॅनोमीटरमध्येच राहू द्या. एका घनसेंटिमीटरमध्ये दहाच्या एकविसाव्या घाताइतके घननॅनोमीटर असतात. अ‍ॅव्होगाड्रो अंकातून तेवढं कापलं की उरतं ६०२.२. म्हणून:

घनता = (अणूंची संख्या × अणुभार) ÷ (६०२.२ × आकारमान)

तांबं: बाजू = २.८२८ × ०.१२८ = ०.३६२०. तिचा घन ०.०४७४५. वर ४ × ६३.५५ = २५४.२, खाली ६०२.२ × ०.०४७४५ = २८.५८. उत्तर ८.९०.

लोखंड: बाजू = २.३०९४ × ०.१२४ = ०.२८६४. घन ०.०२३४८. वर २ × ५५.८५ = १११.७, खाली १४.१४. उत्तर ७.९०.

मोजलेल्या घनतेशी एखाद्या टक्क्याचा फरक त्रिज्या तीन अंकांत लिहिल्यामुळे येतो, त्याची चिंता नको. पाच टक्क्यांच्या पुढे गेला तर मात्र मागे फिरा. आणि पेपरात ही पद्धत वापरलीत तर ६०२.२ कुठून आलं ती एक ओळ लिहा, नाहीतर तपासणारा बुचकळ्यात पडेल आणि गुण तुमचे जातील.

७. चुकीच्या उत्तरावरून चूक ओळखा

पुन्हा सगळं गणित करत बसू नका. चुकलेला आकडाच बोलतो. तांब्याचं उत्तर

३१ आलं: चौदा अणू मोजलेत.
२५ आलं: बाजू = २ × त्रिज्या धरली, म्हणजे कोपरे टेकवलेत.
१६.३ आलं: √२ च्या जागी √३.
१.११ आलं: त्रिज्येच्या जागी व्यास टाकला. व्यास दुप्पट, घन आठपट, घनता एक अष्टमांश. पाण्याहून जेमतेम जड असलेलं तांबं.

लोखंडाचं ४.३ आलं तर एफसीसीची बाजू बीसीसीला लावलीत.

एकूण पट्टा लक्षात ठेवा: सगळ्यात हलका धातू लिथियम ०.५३, सगळ्यात जड ऑस्मियम २२.६. उत्तर या पट्ट्याबाहेर गेलं तर पुढे लिहूच नका.

८. एचसीपीला घनाचे नियम लावू नका

इथे युनिट सेल षटकोनी. बारा कोपरे, प्रत्येकी एक षष्ठांश. वर-खाली दोन अर्धे. पोटात तीन पूर्ण. एकूण सहा. षटकोनाचं क्षेत्रफळ २.५९८ × बाजूचा वर्ग, त्याला उंचीने गुणलं की आकारमान.

जस्तासाठी २.५९८ × ०.०७१०२ × ०.४९४७ = ०.०९१२८. वर ६ × ६५.३८ = ३९२.३, खाली ५४.९७. उत्तर ७.१४, अगदी तंतोतंत.

सावध: उंची आणि बाजू यांचं आदर्श गुणोत्तर १.६३३ असतं, आणि मुलं ते डोळे मिटून सगळ्या एचसीपी धातूंना लावतात. मॅग्नेशियमला चालून जातं, त्याचं १.६२४ आहे. जस्ताचं १.८५६ आहे. तिथे १.६३३ वापरलंत तर घनता ८.१ येते. उंची दिलेली असेल तर दिलेलीच घ्या.

९. मिलर इंडायसेस: प्रतलाला व्यस्त, दिशेला नाही

मिलर इंडायसेस म्हणजे स्फटिकातली प्रतलं आणि दिशा अंकांत लिहायची पद्धत. प्रतल तीन अक्षांना कुठे छेदतं ते लिहा, त्यांचे व्यस्त घ्या, अपूर्णांक काढून टाका, गोल कंसात ठेवा. पहिल्या अक्षाला १ वर, दुसऱ्याला १/२ वर छेदणारं आणि तिसऱ्याला समांतर असलेलं प्रतल: व्यस्त १, २, ०. म्हणजे (१२०).

प्रतल आरंभबिंदूतूनच जात असेल तर शून्याचा व्यस्त काढण्याच्या नादाला लागू नका, आरंभबिंदू शेजारच्या कोपऱ्यात सरकवा. दिशेला व्यस्त नसतोच: शेवटच्या बिंदूतून पहिला वजा करायचा आणि चौकोनी कंस. कंस बदलला की अर्थ बदलतो, आणि तिथे गुण जातात. दिशा आणि तेच अंक असलेलं प्रतल एकमेकांना लंब असतात हे घनाकृती रचनेतच खात्रीने चालतं, जस्ताला लावू नका.

१०. गुणधर्म सगळ्यात शेवटी

आकडे बरोबर आले की हात शिवशिवतात आणि पुढच्या ओळीत लिहिलं जातं: ‘एफसीसीत अणू जास्त दाटीने बसतात, म्हणून तो धातू अधिक कठीण.’ उलट आहे. तांबं, चांदी, सोनं, अ‍ॅल्युमिनियम, शिसं, सगळे एफसीसी आणि सगळे मऊ. दाट भरलेली प्रतलं एकमेकांवरून सहज घसरतात. एफसीसीत अशी चार दिशांना तोंड असलेली प्रतलं, प्रत्येकात घसरायच्या तीन दिशा, एकूण बारा वाटा. म्हणून तार ओढता येते, वर्ख ठोकता येतो. जस्तातही जागा तितकीच दाट भरलेली, पण सहज घसरणारं प्रतल एकाच तोंडाचं आणि वाटा तीनच. तेव्हा पॅकिंग फॅक्टर (जागेचा किती भाग भरला ते) सांगून थांबू नका, घसरायच्या वाटा मोजा.

दुसरा सापळा कार्बनचा. बीसीसीत ३२ टक्के जागा रिकामी, एफसीसीत २६. मग कार्बन बीसीसी लोखंडात जास्त मावायला हवा? प्रत्यक्षात एफसीसी लोखंडात २.१४ टक्क्यांपर्यंत मावतो, बीसीसीत जेमतेम ०.०२२. एकूण जागा कमी असली तरी एफसीसीतली एकेक पोकळी मोठी आहे. गर्दीच्या लोकलमध्ये एकूण मोकळी जागा बरीच असते, पण बॅग ठेवायला ती एका ठिकाणी लागते.

तारेचा एक प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे. इलेक्ट्रिशियनकडून जाड, एकाच पिळाच्या तांब्याच्या तारेचा वीतभर तुकडा मागून घ्या. प्लॅस्टिकचं आवरण पूर्ण सोला, जळलं तर त्याचा धूर घातक असतो. मग तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, गॅसवर धरू नका, ६६० अंशांना वितळतं. खरं तांबं असेल तर तार मधोमध वाकवा आणि सरळ करा. वाकलेली जागा नीट सरळ होत नाही, तिथे गाठीसारखा उंचवटा राहतो आणि तार शेजारी वाकते. वाकलेला भाग कठीण झालाय. आता खिडकी उघडी ठेवून, पकडीत धरून तीच जागा मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. तार पुन्हा लोण्यासारखी वाकते.

इथे मुलं म्हणतात, ‘पण सर, पाण्यात बुडवल्यावर कठीण व्हायला हवं ना?’ ते पोलादाचं. लोखंड ९१२ अंशांना बीसीसीचं एफसीसी होतं, आणि पोलाद झटकन थंड केलं की कार्बन आत अडकून पडतो. तांबं १०८५ अंशांना वितळेपर्यंत एफसीसीच राहतं, अडकायला काही नाही. ‘तापवून बुडवणं’ हे एकच वाक्य दोन्ही धातूंना लावू नका.

फ्रिजवरचं चुंबक काढून स्टीलच्या डब्याला लावा. पातेल्यांचं, डब्यांचं चांगलं स्टील बहुधा निकेल किंवा मँगनीजमुळे नेहमीच्या तापमानालाही एफसीसी राहिलेलं असतं, त्याला चुंबक चिकटत नाही. नुसत्या क्रोमियमचं बीसीसी स्टील असेल तर घट्ट चिकटतं. पण डब्याच्या पोटावरून घसरणारं चुंबक काठापाशी, जिथे पत्रा दुमडलाय तिथे, हलकंसं ओढ घेताना जाणवेल. म्हणून डबा बनावट ठरत नाही. दुमडताना एफसीसीचा थोडा भाग चुंबकीय मार्टेन्साइट (अणूंची रचना बदललेलं पोलाद) होतो. तोंडी परीक्षेत ‘चुंबक चिकटलं तर काय?’ असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी विचारा, ‘डब्याच्या कुठल्या भागाला?’